पोटात कसंतरी झालं, त्याचं काय करायचं?

पत्र

ताई, माझं वय ४७. सांगलीत एका पतसंस्थेत कर्ज विभागात १४ वर्षं काम करते. दोन वर्षांपूर्वी एका बेदाणा व्यापाऱ्याची फाईल माझ्या टेबलावर आली. कोल्ड स्टोरेजच्या पावत्या कोऱ्या करकरीत, दोन जामीनदार, आणि गृहस्थ इतका सज्जन की व्याजदराबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळं ठीक होतं, तरी पोटात कसंतरी झालं. पण सांगणार कुणाला आणि काय? शिफारस लिहिली, सही केली. नऊ महिन्यांत खातं थकलं. माल गोदामात नव्हताच. तेव्हापासून वाटतं, देव आतून सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीत मुलाकडे सिंगापूरला दोन महिने होते. त्याच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सकाळी म्हाताऱ्या चिनी बायका टेप लावून चीगाँग, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश हात-पाय हलवायचा चिनी व्यायाम, करायच्या. त्यांनी खुणेनं बोलावलं, मीही उभी राहायला लागले. आठ प्रकार होते, ते पाठ झाले. हात गरम व्हायचे, दिवसभर डोकं शांत असायचं. इथं परतल्यावर सुटलं. आता जाऊबाई म्हणतात विपश्यनेला चल. ऑफिसातली मैत्रीण म्हणते आपला योग असताना परक्याचं कशाला. आणि फोनवर '२१ दिवसांत अंतर्मनाचा आवाज जागा करा' असा एक कोर्स सारखा दिसतो, फी १८,००० रुपये. यातलं रोज काय केलं तर अंतःप्रेरणा वाढेल? सगळं थोडं थोडं केलं तर?

अजून एक. रोज पहाटे साडेतीनला छाती धडधडून जाग येते, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. दीर-जाऊ मिरज रस्त्याला एकत्र प्लॉट घेऊ म्हणतात आणि माझं मन घेत नाही. हा संकेत समजायचा का? घरात सासूबाई आहेत, त्यांची झोप सावध, त्यामुळे जे काही करायचं ते गुपचूप गच्चीवर.

— वसुधा (नाव बदललं आहे), सांगली

उत्तर

वसुधाताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द 'चकार' आहे. त्या गृहस्थानं व्याजदराबद्दल चकार शब्द काढला नाही, हे तुम्ही त्याच्या सज्जनपणाचा दाखला म्हणून लिहून टाकलंत. आता १४ वर्षांत तुमच्या टेबलासमोर बसून गेलेली माणसं आठवा. व्यापारी आणि व्याजात घासाघीस नाही? अर्धा टक्का कमी करा, प्रोसेसिंग फी सोडा, अहो मी वडलांपासूनचा सभासद, एवढं झाल्याशिवाय कुणी चहाचा कप खाली ठेवतं का? ज्याला व्याज भरायचंच नसतं त्याला दर कितीही चालतो. आणि त्या पावत्या! हंगामात कोल्ड स्टोरेजला चकरा मारणाऱ्या माणसाच्या पावत्या खिशात चार घड्या होऊन येतात, घामानं मऊ पडलेल्या, पाठीमागं कुणाचा तरी फोन नंबर खरडलेला. याच्या करकरीत होत्या. हे मला कुठून कळलं? तुमच्याच पत्रातून. मी त्या गोदामाचं तोंडही पाहिलेलं नाही.

तेव्हा देवाला मध्ये न आणताही त्या दिवशीचं सांगता येतं. तुमच्या डोळ्यांनी दोन गोष्टी टिपल्या. त्यांना शब्द सापडायच्या आत पोटानं कळवून टाकलं. शब्द नव्हते म्हणून तुम्ही सही केलीत. माझ्या मते तिथं कमतरता अंतःप्रेरणेची नव्हतीच.

गॅरी क्लाईन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. अग्निशमन दलाचे अधिकारी क्षणात निर्णय कसे घेतात याचा त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांनी नोंदवलेली एक हकिकत मी वर्गात दर वर्षी सांगायचे (३१ वर्षं मानसशास्त्र शिकवलं, सवय सुटत नाही). एका घराला आग लागली, बहुतेक मागच्या स्वयंपाकघरात असावी. दलाचा अधिकारी माणसं घेऊन आत शिरला, पाण्याचा मारा केला. आग हटेना. पुन्हा मारा केला, तरी तेच. एकदम त्याला काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. ते बाहेर पडले आणि मागोमाग ज्या जमिनीवर उभे होते ती खचली. आग तळघरात होती. त्या घराला तळघर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या अधिकाऱ्याची ठाम समजूत होती की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. क्लाईननी खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं ते वेगळंच. एवढ्याशा आगीच्या मानानं खोली फारच तापली होती, पाण्याचा परिणाम व्हायला हवा तसा होत नव्हता, आणि एवढ्या उष्णतेला शोभेल असा आवाज नव्हता. तीन गोष्टी नेहमीसारख्या नव्हत्या, बस्स. तुमच्या फाईलीत दोन होत्या.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन तर साफ सांगत की अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. भाजीवाली दुधी हातात घेताच कोवळा की जून ते सांगते, तसंच हे. पुढं २००९ साली या क्लाईननी डॅनियल कानेमान यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. कानेमान हेही मानसशास्त्रज्ञ, पण माणसाच्या अंदाजांवर अजिबात विश्वास न ठेवणारे. दोघं वाद घालायला बसले आणि एकमत होऊन उठले. पोटातल्या आवाजावर भरवसा ठेवायला दोन अटी लागतात, असं त्यांचं म्हणणं. एक, त्या कामात काही नियमितपणा हवा, म्हणजे आधी दिसणाऱ्या खुणांचा पुढच्या निकालाशी खरोखर संबंध हवा. दोन, त्या माणसानं ते काम पुष्कळ केलेलं हवं आणि आपण चुकलो की बरोबर होतो हे त्याला वेळोवेळी कळलेलं हवं. कर्जाच्या फाईलीत दोन्ही आहे. शेअर बाजाराच्या उद्याच्या भावात पहिलीच गोष्ट नाही. म्हणून तिथल्या 'मला आतून वाटतं'ला मी काडीची किंमत देत नाही, मग सांगणारा रोज चार तास ध्यान का करत असेना.

आता तुमचा मूळ प्रश्न. कुठल्याही आसनानं, श्वासानं, हात हलवण्यानं अंतःप्रेरणा नव्यानं तयार होत नाही. ती तुमच्या १४ वर्षांच्या फाईलींनी केलेली आहे. रोजच्या साधनेनं होतं ते इतकंच की आतला गलका कमी होतो आणि पोट बोललं तर ऐकू येतं. हे 'इतकंच' लहान नाही, पण १८,००० रुपयांचंही नाही. (त्या कोर्सबद्दल एकच विचारते. पुढचं दिसायला शिकवणारे लोक फी नेहमी आगाऊ का घेतात?)

शरीराच्या आतलं कळण्याचे प्रयोगही झालेत. मनगट न धरता, नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके ओळखायचे, असं त्यांचं साधारण स्वरूप. लंडनच्या वायदेबाजारातल्या १८ दलालांवर असा प्रयोग झाला, तो २०१६ साली छापून आला. दलाल सामान्य लोकांपेक्षा आपले ठोके अचूक ओळखत होते, आणि त्यांच्यातही ज्याला ते जास्त जमे त्याची कमाई जास्त होती. बाजाराबद्दल मी वर जे लिहिलं त्याला हा जरा धक्का आहे, मान्य. हे दलाल मिनिटामिनिटाला सौदे करणारे होते, चूक झाली की लगेच समोर दिसायची. पण त्याआधी २००८ साली दुसरा एक प्रयोग आला, तो मला जास्त बोलका वाटतो. त्यात कुंडलिनी आणि तिबेटी पद्धतीचं ध्यान अनेक वर्षं करणारे लोक घेतले होते. ठोके ओळखण्यात ते ध्यान न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. मात्र आपल्याला ते छान जमतंय, असं त्यांना इतरांपेक्षा जास्त वाटत होतं.

हे वाचून मी एकटीच हसले होते, कारण माझंच चित्र होतं ते. पन्नाशीत मी एका दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले. चौथ्या दिवशी ध्यानात लख्ख जाणवलं की घरी ह्यांना काहीतरी झालंय. डाव्या खांद्यात कळ, घशात आवंढा, सगळी चिन्हं. फोन जमा केलेला. सहा दिवस मी त्या जाणिवेला कुरवाळत बसले, अंत्यविधीला कोणाकोणाला कळवायचं इथपर्यंत पोचले. दहाव्या दिवशी मौन सुटलं. फोन हातात आला तसा पहिला घरी लावला. हे मित्राबरोबर मिसळ खाऊन आले होते आणि गॅसचा नंबर कुठं लिहिलाय ते विचारत होते. माझी साधना चांगली चालली होती हो, खोटं नाही. मन खरंच शांत झालं होतं. पण शांत मनातून आलेली प्रत्येक गोष्ट खरी असते, असं कुणी सांगितलं?

आता चीगाँगकडं येते. इंग्रजी स्पेलिंग वाचून बरेच लोक त्याला 'क्विगाँग' म्हणतात. तुम्ही ऐकून शिकलात म्हणून नाव बरोबर लिहिलंत. 'ची' म्हणजे श्वास, प्राण, वाफ, असं सगळं मिळून, आणि 'गाँग' म्हणजे मेहनतीनं येणारं कसब. व्यायाम खूप जुने आहेत. चीनमधल्या छांगशा शहराजवळ मावांगद्वी इथं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ साली उघडली, त्यात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. त्यावर ४४ माणसं आहेत, बाया आणि पुरुष, कुणी वाकलेलं, कुणी हात वर ताणलेले. पण 'चीगाँग' हे नाव या सगळ्या प्रकारांना एकत्र चिकटलं ते १९५० च्या आसपास. ल्यू ग्वीचेन नावाच्या एका सरकारी कार्यकर्त्याचा पोटाचा जुना आजार गावाकडच्या श्वासाच्या साधनेनं बरा झाला. मग सरकारनं तिच्यातलं देवाधर्माचं काढून घेतलं आणि आरोग्यधामांतून ती शिकवायला सुरुवात केली. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते १९७६) तीही बंद पडली.

अंतःप्रेरणा, तिसरा डोळा, दूरचं दिसणं हे सगळं चीगाँगला जोडलं गेलं ते त्यानंतर. १९७९ साली सिछुआन प्रांतातला एक मुलगा कानानं अक्षरं वाचतो अशी बातमी आली आणि पुढं गावोगाव तशी मुलं सापडायला लागली. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक छ्यान श्वेसन यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ त्या बाजूनं उभा राहिला. स्टेडियम भरून सभा होऊ लागल्या, गुरू व्यासपीठावरून 'ची' सोडायचे आणि खाली लोक रडायचे, हसायचे, डोलायचे. आपल्याकडच्या कुठल्या सभा आठवल्या ते तुम्हाला सांगायला नको. १९९९ साली सरकारनं त्यातल्याच फालुन गाँग नावाच्या एका मोठ्या पंथावर बंदी घातली आणि सगळ्याच पंथांवर वरवंटा फिरला. मग २००३ च्या सुमारास क्रीडा खात्यानं चार जुने संच ठरवून, आखून, आरोग्याचा व्यायाम म्हणून पुन्हा बाहेर काढले. त्यातला एक संच 'बादुआनजिन', म्हणजे जरीच्या कापडाचे आठ तुकडे. हे नाव बाराव्या शतकातल्या चिनी लिखाणातही सापडतं. तुमचे आठ प्रकार बहुधा तेच. आकाश दोन्ही हातांनी उचलायचं, धनुष्य ताणायचं, आणि शेवटी टाचा उचलून सात वेळा आपटायच्या, हे होतं ना?

तर त्या आजींनी तुम्हाला दिलं ते सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात टिकाऊ चीगाँग आहे. सिंगापूरच्या इमारतीखाली तिसऱ्या डोळ्याचं कुणी बोलत नाही, गुडघ्यांचं बोलतात. हात गरम होतात तेही चमत्कारानं नाही. ताण उतरला की हातापायांच्या टोकांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त जास्त पोचतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांचे हात गार पडतात, त्याच्या नेमकं उलट. 'ची' म्हणायचं तर म्हणा, माझी हरकत नाही. तुमचे तळहात गरम असतील तर त्या घडीला शरीर भ्यालेलं नाही, हा एक चांगला मोजता येण्यासारखा पुरावा तुमच्याच हातात आहे.

मग योग का नाही? करा की, कुणी अडवलंय. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून लोक श्वास आणि आसनं यंत्रांनी मोजताहेत, आपल्या घरचं काही कमी नाही. पण मैत्रिणीला एवढं जरूर सांगा की अंतःप्रेरणेसाठी योग करायचा असेल तर आधी पतंजलींना विचार. त्यांच्याकडे त्याला 'प्रातिभ' असा शब्दच आहे, आणि प्रातिभानं सगळं कळतं असंही ते म्हणतात. आणि दोन पावलं पुढं जाऊन याच सगळ्यांना 'उपसर्ग', म्हणजे विघ्नं म्हणतात. समाधीच्या वाटेवरची अडचण. त्यांनी ती गोष्ट विकायला काढलेली नव्हती.

विपश्यनेचं जरा वेगळं आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं होतात, फी नाही, शेवटी दान द्यायचं ते ऐच्छिक. डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं आणि तिला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. तुमच्या प्रश्नाला हे वरवर सगळ्यात जवळचं. पण आधी दहा दिवस रजा, आणि नंतर घरी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, अशी ती साधना आहे. तुम्ही पहाटे साडेतीनला धडधडून उठताय. अशा माणसानं दहा दिवस गप्प बसून छातीतल्या धडधडीकडेच बघत राहणं मला आत्ता बरं वाटत नाही. झोप लागू दे, मग पुढच्या वर्षी जाऊबाईंबरोबर जा. चीगाँगमध्येही अती करणाऱ्यांचं बिनसतं. तिकडं त्याला 'आग लागून सैतान शिरणं' अशा अर्थाचं नाव आहे, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेत त्याची नोंद होती. तासन्‌तास एकटं बसून 'ची' फिरवणाऱ्यांची ती गोष्ट. १५ मिनिटं हात हलवणाऱ्यांची नाही.

साडेतीनच्या जागेपणाला मी संकेत म्हणणार नाही. रोज ठरल्या वेळी येणारा संकेत कसला? तुमचं वय ४७. पाळी पुढंमागं होत असेल, मध्येच घामानं अंग भिजत असेल. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, रक्तदाब मोजून घ्या, आणि साडेतीनचं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. 'तसं काही नाही, जरा झोप नाही लागत' असं म्हणायची आपल्याला खोड असते. थायरॉईड जास्त काम करायला लागला तर छाती धडधडते, हात थरथरतात, उगाच भीती वाटते, आणि ती भीती आपण जे समोर असेल त्याला चिकटवतो. आज प्लॉटला, उद्या मुलाच्या नोकरीला. शरीर खोटं बोलत नाही म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. शरीर खोटं बोलत नसेलही, पण कशाबद्दल बोलतंय ते सांगत नाही. रक्त तपासायला लागणारे पैसे त्या १८,००० पुढं किरकोळ आहेत. अंतर्मनावर करायचा तेवढा खर्च हा.

रोजचं म्हणाल तर सिंगापूरचंच पुन्हा सुरू करा. योग श्रेष्ठ की चीगाँग, हा वाद मला निकाली काढायचाच नाही. तुम्हाला ते पाठ आहे, उभ्यानं होतं, चटई लागत नाही, साडी किंवा गाऊन कशावरही करता येतं. मुख्य म्हणजे तुम्ही दोन महिने ते न कुरकुरता केलं होतं. सगळं थोडं थोडं मात्र नको. सोमवारी प्राणायाम, मंगळवारी ध्यान, बुधवारी यूट्यूब, असं करणाऱ्यांना आठव्या दिवशी फक्त निवड करायचा सराव झालेला असतो. भस्त्रिकेसारखं जोरात श्वास फेकणं तर धडधड असेपर्यंत अजिबात नको.

आठ प्रकार १२-१५ मिनिटांत होतात. खाली वाकायच्या दोन प्रकारांत घाई करू नका, रक्तदाब जास्त निघाला तर ते अर्धेच करा. सातवा प्रकार आठवतो? मुठी आवळून डोळे वटारायचे. तो टाळू नका. १४ वर्षं काउंटरवर हसून बोलणाऱ्या बाईला त्याची गरज सगळ्यात जास्त. झालं की पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. पाय खांद्याएवढे लांब, गुडघे एस.टी.त उभं राहताना असतात तसे सैल, हात छातीपुढं पाण्याची घागर कवेत धरल्यासारखे. लक्ष बेंबीच्या खाली तीन-चार बोटांवर. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांतच खांदे भरून येतील, मग हात खाली घ्या.

श्वास मोजत बसू नका, फक्त सावकाश होऊ द्या. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी २३ जणांना एकदा लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुम्'. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय सुधारली. धर्म दोन, आकडा एक. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की कुणाला तसं करायला सांगितलेलं नव्हतं.

ही झाली गलका कमी करण्याची सोय. ऐकायचं शिकायला एक शंभर पानी वही लागेल. ऑफिसात फाईल बंद करताना, शिफारस लिहायच्या आधी, वहीत एक ओळ लिहायची. तारीख, फाईलीसाठी स्वतःची खूण (सभासदाचं नाव नको, ते गोपनीय), पोट काय म्हणतंय ते दहापैकी किती. आणि त्याच ओळीत, हे महत्त्वाचं, डोळ्याला काय वेगळं दिसलं. काहीच सापडलं नाही तर 'काही नाही' लिहा, पण दोन मिनिटं शोधून मग लिहा. 'घासाघीस नाही.' 'जामीनदार एकमेकांकडे बघत नव्हते.' 'बायकोची सही घेताना तिला कागद वाचू दिला नाही.' सहा महिन्यांनी थकबाकीची यादी काढा आणि वही शेजारी ठेवून बघा. पोट कुठं बरोबर होतं, कुठं उगाच घाबरलं होतं, आणि कुठं गप्प होतं. हे शेवटचं कुणी बघत नाही. पोट गप्प राहिलं आणि खातं थकलं, अशा फाईली आपण सोयीनं विसरतो. तुम्हाला तो बेदाणावाला आठवतो, कारण तिथं पोट बोललं होतं.

या वहीचा अजून एक उपयोग आहे. 'पोटात कसंतरी झालं' असं कर्ज समितीपुढं म्हणता येत नाही, हसतील. 'पावत्या नव्या दिसतात, मंजुरीआधी गोदामात जाऊन माल मोजावा' असं म्हणता येतं. त्या दिवशी तुमच्याकडे हे एक वाक्य असतं तर एक शिपाई आणि एक मोटारसायकल एवढ्यावर काम भागलं असतं.

राहिला प्लॉट. इथं मी तुम्हाला उलटं विचारते. मन घेत नाही ते जमिनीला की दिरांना? जमिनीचं असेल तर मनाला विचारूच नका. सातबारा, फेरफार, एन.ए. आदेश, वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, हे सगळं तुम्ही दुसऱ्यांच्या फाईलीत रोज मागता, स्वतःच्या वेळी मागायला लाजू नका. भाऊबंदकीत कागद मागितला की राग येतो, येऊ दे. पण दिरांबद्दल असेल तर गोष्ट वेगळी. त्यांना तुम्ही लग्न झाल्यापासून बघताय. त्यांनी सांगितलेलं आणि पुढं झालेलं, गणपतीच्या खर्चाचे हिशेब, सासऱ्यांच्या दवाखान्याच्या वेळी कोण आलं आणि कोण आलं नाही, सगळं तुमच्या आत नोंदलेलं आहे. कानेमान-क्लाईनच्या दोन्ही अटी इथं पूर्ण होतात. त्या पोटाला मी सहजासहजी खोटं पाडणार नाही. पण त्यालाही तोच प्रश्न विचारा जो फाईलीला विचाराल: काय दिसलं? एकत्र नावावर घेऊ म्हणताना पैसे कुणी किती घालायचे ते बोलणं झालं का, की तेवढ्यात चहा आला? उत्तर दुपारी शोधा, जेवणानंतर, हात गरम असताना. साडेतीनला मुळीच नाही.

आणि टाचा आपटायचा तो आठवा प्रकार. सिंगापूरला तुमच्या पायाखाली जमीन होती, इथं स्लॅब आहे, आणि खाली सावध झोपेच्या सासूबाई. घडी घातलेलं जुनं घोंगडं पायाखाली घ्या, नाहीतर तो सगळ्यात शेवटी, त्या उठून चहा टाकतात तेव्हा करा.